एका अक्षराच्या अनेक सावल्या : सनद, भोगवटा आणि इंदापूरची पाहणी

१/
वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. त्या वाटेवरचे स्वागतफलक कधी थांबून निरखले आहेत काय? अक्षर पिवळे, भोवती पांढरी कड, कडेबाहेर तांबडी कड आणि या सर्वांखाली उजवीकडे सरकलेली काळी सावली. अक्षर एकच, सावल्या तीन.
वेबपृष्ठावर हा परिणाम साधण्यास आज एक ओळ पुरते. त्या ओळीचा इतिहास मात्र सरळ नाही. ती १९९८ मध्ये नियमांत लिहिली गेली, पुढे काही वर्षे कोणाच्याही पडद्यावर दिसली नाही, मग नियमांतून वगळली गेली, आणि परतली तेव्हा सावल्यांचा क्रम उलटा झालेला होता. असे का घडले हे समजून घेण्यासाठी या धाग्यात आपण १८३५ च्या इंदापुरातही जाणार आहोत.

२/
प्रथम वस्तूची ओळख. वेबपृष्ठावरील मजकुराला रूप देणाऱ्या नियमांच्या भाषेस सीएसएस म्हणतात. तीत अक्षरांच्या सावलीसाठी ‘टेक्स्ट-शॅडो’ आणि चौकटीच्या सावलीसाठी ‘बॉक्स-शॅडो’ असे दोन गुणधर्म आहेत.
अक्षराच्या सावलीचे वर्णन चार गोष्टींनी होते : उजवीकडे किती सरकायची, खाली किती सरकायची, कडा किती विरळ व्हायच्या आणि रंग कोणता. चौकटीच्या सावलीत आणखी दोन गोष्टींची भर पडते : सावली किती फुगवायची, आणि ती बाहेर न पाडता चौकटीच्या आत पाडायची काय.
एक वर्णन संपले की स्वल्पविराम द्यावा व दुसरे लिहावे. मग तिसरे, चौथे. ‘अनेक सावल्या’ म्हणजे तांत्रिक दृष्ट्या एवढेच : स्वल्पविरामांनी जोडलेली वर्णनांची यादी.

३/
या यादीतून काय काय निघते पाहा. एक लहान, गडद सावली अगदी जवळ आणि दुसरी मोठी, फिकट सावली दूर ठेवली, तर चौकट कागदावरून किंचित उचलल्यासारखी भासते. कारण प्रत्यक्ष जगातही वस्तूची छाया मुळाशी गडद व कडेला विरळ असते. एकाच रंगाच्या चार सावल्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे एकेक पिक्सेल सरकवल्या, तर अक्षराला कड येते. आणि १, २, ३, ४ अशा पायऱ्यांनी उजवीकडे-खाली उतरणाऱ्या सावल्या लावल्या, तर अक्षर लाकडातून कोरल्यासारखे जाडजूड दिसते.
एक गोष्ट ध्यानात असू द्या : सावली जागा व्यापत नाही. कितीही सावल्या लावा, शेजारचा मजकूर तसूभरही हलत नाही.

४/
हा सोस संगणकाने आणलेला नाही. लंडनचे टंक ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या आपल्या नमुनापुस्तकात छायांकित अक्षरे दाखविली. अमेरिकेत विल्यम पेज यांनी १८७४ मध्ये बहुरंगी लाकडी टंकांचे नमुने प्रसिद्ध केले. त्यांत अक्षर एका ठोकळ्याने आणि त्याची छाया वा कड दुसऱ्या ठोकळ्याने, निराळ्या शाईत छापली जाई. दोन ठसे एकमेकांवर नेमके बसले तरच छाया साधे, अन्यथा कागद वाया.
आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसचा विशेष असा, की हाताने जे काढता येते ते सर्व छापता येते. पुढे जावजी दादाजींचे निर्णयसागर (स्थापना १८६९) देवनागरी टंकांच्या सुबकपणासाठी नावाजले गेले. गावोगावच्या रंगाऱ्यांनी मात्र टंकाची वाट पाहिली नाही. दुकानाच्या पाटीवर आधी अक्षर, मग एका बाजूने छाया, हा त्यांचा नेहमीचा परिपाठ होता.

५/
आता वेबकडे. १० ऑक्टोबर १९९४ रोजी नॉर्वेचे होकून वीउम ली यांनी पृष्ठांच्या रूपनियमांचा पहिला प्रस्ताव मांडला. वेबचा जन्म ज्या संस्थेत झाला त्या सर्न येथेच ते तेव्हा काम करीत होते. डच संगणकतज्ज्ञ बर्ट बोस लवकरच त्यांस येऊन मिळाले.
१७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली पातळी डब्ल्यूथ्रीसी या मानक ठरविणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस ठरली. तीत टंक, रंग, समास, कडा होत्या. सावली नव्हती.

६/
१२ मे १९९८ रोजी दुसरी पातळी आली आणि तिच्यात ‘टेक्स्ट-शॅडो’ अवतरले. केवळ एका सावलीपुरते नव्हे; स्वल्पविरामांची यादी, म्हणजेच अनेक सावल्या, पहिल्याच मसुदापाठात होत्या. सावल्या लिहिलेल्या क्रमाने रंगवाव्यात, नंतरची आधीचीवर पडू शकते, परंतु कोणतीही सावली मूळ अक्षरावर पडू नये, असा स्पष्ट नियमही होता.
सनद तयार होती. अंमल मात्र कोठेच नव्हता. त्या काळच्या प्रमुख ब्राउझरांपैकी एकालाही ती ओळ उमगत नसे.
त्याच वर्षी फोटोशॉपची पाचवी आवृत्ती आली आणि थराला सावली देणे तीत अगदी सोपे झाले. साहजिकच पृष्ठे रचणाऱ्यांनी शीर्षक फोटोशॉपमध्ये रंगवून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र पृष्ठावर चिकटवावे, हा मार्ग धरला. दिसायला छाया, प्रत्यक्षात चित्र. ते शोधता येत नसे, त्यातील मजकूर निवडता येत नसे, आणि एक काना चुकला तरी सारे चित्र पुन्हा करावे लागे.

७/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध व्हावे. उद्या कोणी १९९८ चा तो दस्तऐवज हाती घेऊन ‘१९९८ पासून वेबवर अक्षरांना सावल्या पडू लागल्या’ असे लिहिले, तर ते धडधडीत चूक ठरेल. दस्त अस्सल, तारीख अचूक, निष्कर्ष खोटा.
आपल्या धर्मशास्त्राने वादात मानवी प्रमाणे तीन मानली : लिखित, साक्षी आणि भुक्ती. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांतही केवळ सनद दाखवून भागत नसे. गोतसभेपुढे साक्षी होत, आणि प्रत्यक्ष भोगवटा कोणाचा याची चौकशी होई. सनद एकाच्या घरी आणि नांगर दुसऱ्याचा, अशी प्रकरणे दप्तरांत कमी नाहीत.
कागदावरची व्यवस्था आणि जमिनीवरची व्यवस्था यांतील हे अंतर मोजायला इंदापुराइतके उत्तम ठिकाण नाही.

८/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुणे प्रांताचा महसूल कंपनीने कसा घ्यावा हा प्रश्न उभा राहिला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने त्यास विद्वत्तापूर्ण उत्तर दिले. त्याच्यावर रिकार्डोच्या खंड-सिद्धांताचा प्रभाव होता. निरनिराळ्या प्रतींच्या जमिनीचे उत्पन्न काढावे, लागवडीचा खर्च वजा करावा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत.
कागदावर ही रचना निर्दोष होती. १८३० च्या सुमारास ती लागू झाली आणि कोलमडली. शेकडो गावांतील जमिनींचे निव्वळ उत्पन्न अचूक काढणे हाताखालच्या कारकुनांना झेपण्यासारखे नव्हते. मोजणीत चुका झाल्या, प्रतवारीत लबाडी शिरली, धान्याचे भाव घसरले, आणि आकारणी मात्र जड राहिली. इंदापूर हा मुळातच अवर्षणाचा मुलूख. तेथे रयतेने जमिनी टाकल्या. रानेच्या राने पडीक राहिली.

९/
१८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा बॉम्बे इंजिनिअर्समधील लेफ्टनंट इंदापुरात काम करू लागले. त्यांनी मुख्य प्रश्नच बदलला. ‘या शेताचे निव्वळ उत्पन्न किती?’ हे विचारणे त्यांनी सोडून दिले. ‘शेजारच्या शेताच्या मानाने हे शेत कितपत?’ एवढेच विचारले. एकूण बोजा किती असावा हे मागील वसुली, पाऊसमान, बाजाराची जवळीक यांवरून ठरवावे, आणि तो शेतांच्या सापेक्ष प्रतीनुसार वाटावा.
दर ३० वर्षांसाठी कायम केले. मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीची ही सुरुवात. आणि तिचा पहिला तालुका इंदापूर.

१०/
येथून वाढलेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. त्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांच्यासह डेव्हिडसन यांचेही नाव आहे. ती रचना पाहिली की आपला मूळ विषय पुन्हा आठवतो.
शेताच्या नकाशाचे चौकोनी भाग पाडायचे. प्रत्येक चौकोनात मातीची खोली हातांत मोजून लिहायची, आणि तिचा वर्ग : बारीक पोताची काळी, तिच्याहून जाडी व बहुधा तांबडी, किंवा भरड, मुरमाड, फिकी. यावरून नऊ प्रतींपैकी एक ठरे : पहिली १६ आण्यांची, शेवटची २ आण्यांची.
मग दोष. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाण्याचे भय, पाणी साचणे असे सात दोष ठरलेले होते आणि प्रत्येकास एक खूण होती. चौकोनात एक खूण आली की प्रत एक पायरी खाली. दोन आल्या की दोन पायऱ्या. म्हणजे एक चौकोन आणि त्यावर चढत जाणारी खुणांची यादी. प्रत्येक खूण सोपी, तपासता येण्याजोगी, कोणत्याही प्रशिक्षित कारकुनास लावता येण्याजोगी; पण एकत्रित परिणाम सूक्ष्म.
या मोजणीचा वारसा आजही आपल्या जिभेवर आहे. ३३ फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

११/
मात्र अंमलात येण्याजोगी व्यवस्था म्हणजे न्याय्य व्यवस्था, असा सोपा धडा येथून काढू नये. ३० वर्षांनी इंदापुरात फेरपाहणी झाली आणि दर चढले. १२ मे १८७५ रोजी सुप्यात (आजच्या बारामती तालुक्यात) शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. जमावाचा रोख सावकारांच्या घरांतील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्या उठावाची कारणे अनेक होती आणि अभ्यासक त्यांवर आजही वाद घालतात. पण एवढे खरे, की कागद कोणता आणि तो कोणाच्या हाती, यावर त्या माणसांचे शेत टिकणार की जाणार हे ठरत होते.
सावल्यांच्या नियमात कोणाची जमीन गेली नाही. म्हणून ही तुलना व्यवस्थेच्या घडणीपुरतीच घ्यावी. दुःखाची तुलना येथे नाही.

१२/
आता पुन्हा पडद्याकडे. सीएसएसच्या दुसऱ्या पातळीचे दुखणे प्रिंगलच्या आकारणीसारखेच होते : महत्त्वाकांक्षा मोठी, अंमल तुटपुंजा. २००२ पासून कार्यगटाने तिची छाटणी हाती घेतली. या सुधारित आवृत्तीस २.१ असे नाव मिळाले. तिचे तत्त्व रोखठोक होते : जे ब्राउझरांनी प्रत्यक्षात आणलेले नाही, ते ठेवू नये. एखादा गुणधर्म टिकायचा तर किमान दोन स्वतंत्र ब्राउझरांनी तो एकसारखा करून दाखवावा.
दोन साक्षीदार आणि भोगवटा. गोतसभेतील कोणासही ही अट ओळखीची वाटली असती. ‘टेक्स्ट-शॅडो’कडे दोन्ही नव्हते. ते वगळले गेले. सनद रद्द झाली.

१३/
पण इतिहासाचे विनोद असे, की याच सुमारास पहिला भोगवटादार उगवला. ऑक्टोबर २००३ मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरची १.१ ही आवृत्ती आली, आणि तीत अक्षराला सावली पडू लागली. अर्थात एकच, यादी नव्हे.
अनेक सावल्यांसाठी आणखी थांबावे लागले. जून २००८ मध्ये ऑपेरा ९.५ ने यादी रंगवून दाखविली. ३० जून २००९ रोजी आलेल्या फायरफॉक्स ३.५ नेही ती रंगविली. दहा-अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला स्वल्पविराम आता कोठे कामास लागला. इंटरनेट एक्सप्लोररला तर अक्षराच्या सावलीसाठी २०१२ ची दहावी आवृत्ती यावी लागली.
नव्या, तिसऱ्या पातळीच्या मसुद्यांत गुणधर्म परत घेतला गेला. या वेळी आधी अंमल होता, मागून सनद आली.

१४/
परतताना एक मोठा बदल झाला. १९९८ च्या पाठात नंतर लिहिलेली सावली आधीचीवर पडे. नव्या पाठात क्रम उलटला : यादीतील पहिली सावली सर्वांत वर, वाचकाच्या सर्वांत जवळ, पुढच्या एकीखाली एक. चौकटीच्या सावल्यांचा क्रमही हाच असल्याने दोन्ही गुणधर्मांना आता एकच शिस्त लागली. आजच्या नियमग्रंथात, ‘१९९८ च्या शिफारशीच्या हा क्रम उलट आहे’ अशी कबुलीही नोंदविलेली आहे.
याचा व्यवहारातील अर्थ असा : फलकासारखी पांढरी कड, तिच्याबाहेर तांबडी कड आणि खाली काळी छाया हवी असेल, तर आधी पांढरीची वर्णने, मग तांबडीची, शेवटी काळीची. क्रम चुकला तर मोठी सावली लहान सावलीस गिळून टाकते.
चालू व्यवस्थेत असा क्रम उलटणे एरवी अशक्य; लाखो पृष्ठे बिघडली असती. जुन्या नियमाचा भोगवटा फारसा नव्हता, म्हणून तो निमूटपणे बदलता आला. जो नियम फारसा कोणी वापरला नाही, त्याच्या बदलाविरुद्ध तक्रार करणार कोण?

१५/
चौकटीच्या सावलीची कथा याच वळणाची. ब्राउझरांनी ती प्रथम आपापल्या नावाच्या उपसर्गासह आणली. त्यामुळे एकच सावली ‘वेबकिट’साठी एकदा, ‘मोझ’साठी दुसऱ्यांदा आणि शुद्ध रूपात तिसऱ्यांदा लिहावी लागे. त्या काळातील पृष्ठाचा मूळ मजकूर आज उघडला, तर या तिहेरी ओळींवरून त्याचा काळ अदमासता येतो, जसा कागदाच्या जातीवरून वा मोडीच्या वळणावरून दप्तराचा अदमासावा.
डिसेंबर २००९ च्या पाठातून ‘बॉक्स-शॅडो’ बाजूस काढले गेले, आणि पुढच्याच वर्षी ते परतले. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ व फायरफॉक्स ४ या दोहोंनी ते विनाउपसर्ग स्वीकारले. त्या दिवसापासून चौकटीच्या सावलीची सनद आणि भोगवटा एकत्र नांदू लागले असे म्हणता येईल.

१६/
आणि मराठी? अक्षराला सावली देण्याआधी पडद्यावर अक्षर असावे लागते. वेबच्या पहिल्या काळात मराठी मजकूर अनेकदा चित्र म्हणून किंवा विशिष्ट फाँट उतरवून घेतल्याशिवाय न उमटणाऱ्या संकेतांत असे. युनिकोड रुजले आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीत ‘मंगल’ हा देवनागरी टंक दिला, तेव्हा चित्र बदलले. ‘मंगल’चे रेखाटन केले होते सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतील अध्यापक र. कृ. जोशी यांनी. पुढे एक टाइपसारख्या मुंबईच्या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’ हे टंक सर्वांना खुले केले, आणि जाड, गोल देवनागरी अक्षरांना वेबवर सावली पेलवू लागली.
देवनागरीला सावली लावताना हात आखडता हवा. शिरोरेषेमुळे शब्दाच्या माथ्यावर सावलीचा सलग पट्टा तयार होतो. विरळ सावली जास्त झाली की अनुस्वाराचा ठिपका आणि रफार तीत बुडतात. ‘मद’ आणि ‘मंद’ यांत फरक एका ठिपक्याचा. फलक दहा हातांवरून वाचायचा असतो, परिच्छेद वीतभर अंतरावरून. फलकाची तीन सावल्यांची श्रीमंती परिच्छेदास लावली, तर वाचक अक्षर सोडून छायाच पाहत बसतो.

१७/
शेवटी सार. कोणताही नियम समोर आला, मग तो पेशवेकालीन सनदेतला असो, महसुली अहवालातला असो वा संगणकाच्या मानकातला, त्याला तीन प्रश्न विचारावेत. लिहिला केव्हा? अंमलात आणला कोणी, आणि केव्हापासून? त्याचा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार कोण?
पहिल्याच प्रश्नावर थांबलो, तर १९९८ मध्ये वेबवर सावल्या पडल्या आणि १८३० मध्ये इंदापुरात निव्वळ उत्पन्नावर न्याय्य सारा बसला, अशी दोन सुंदर असत्ये आपल्या वहीत उतरतात. तिन्ही प्रश्न विचारले, तर पडीक रानेही दिसतात आणि रिकामे पडदेही.

१८/
पुढच्या वारीत त्या वाटेने गेलात, तर फलकावरच्या अक्षराच्या सावल्या मोजा. सर्वांत वर कोणती, सर्वांत खाली कोणती हे पाहा. मग रस्त्यालगतच्या शेताकडे पाहा : काळी, तांबडी की मुरमाड; किती हात खोल; उतार आहे काय, चुनखडी आहे काय. एकेकाळी एक कारकून याच रानात उभा राहून एका चौकोनात एकेक खूण चढवीत होता.
तुमच्या गावच्या पाहणीचे जुने नकाशे कोणी पाहिले असतील, तर त्यांतील खुणांविषयी खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.